सातवं ताट

मागच्या वर्षी १९ जानेवारी, सकाळचे दहा वाजून पस्तीस मिनिटे. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याच सुमारास उपग्रह आमच्यावरून जाणार होता आणि मी चाळीसगावजवळच्या एका वावरात, दादरच्या – म्हणजे रब्बी ज्वारीच्या – पिकात विळा घेऊन उभी होते.

पुढे जे घडले, असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही 'नाही' असेच म्हणेन. फक्त पूर्वीइतक्या चटकन नाही.

उपग्रह वरून हिरवेपणा पाहतो आणि पीक किती वाढले याचा अंदाज देतो. तो अंदाज जमिनीवर पडताळणे हे माझ्या पीएचडीचे काम. त्यासाठी बारा वावरे निवडली होती. प्रत्येकात एक मीटरची चौकट टाकायची, तिच्यातले प्रत्येक ताट, म्हणजे ज्वारीचे धाट, बुडाशी कापायचे, कागदी पिशवीत भरून धुळ्याला देवपूरमधल्या प्रयोगशाळेत ओव्हनमध्ये वाळवायचे. सलग दोन दिवस वजन तेच आले की आकडा नोंदवायचा. एकही ताट सोडायचे नाही.

चाळीसगावजवळच्या या वावरात जीपीएसचा बिंदू नेमका अक्कांच्या झोपडीच्या दारासमोर आला. अक्का सत्तरीच्या, वावरातच एकट्या राहतात.

"तुना बरोबर कोनीच नही उनं?" सोबत कोणी आले नाही का, हेच त्यांनी पहिले अहिराणीत विचारले.

"एकटीच असते, अक्का." देवपूरच्या खोलीतही मी एकटीच राहत होते, पण तो विषय नव्हता.

चौकटीत सात ताटे होती. सहा कापली. सातव्याला हात घातला, तशी अक्का म्हणाल्या, "एक ठेव व माय. माले सोबत."

"एवढं वावर आहे की सोबतीला!"

"ते बठ्ठं वावर शे. हाई मना दारसमोर शे. चहा पेतांना मी याशीच बोलस."

मी हसले... आणि ते ताट ठेवले. माझ्या कामातली ती पहिली जाणूनबुजून केलेली चूक. वहीत मात्र 'चौकट पूर्ण' असे लिहिले. निघताना अक्का म्हणाल्या, "मनं वावर लिखजो बरं. गावमा तं माले कोनी मोजतच नही." मी शब्द दिला.

चौथ्या दिवशी आणि पाचव्या दिवशीही वजन तेच आले : ४३८.६ ग्रॅम. बाकीच्या अकरा वावरांत उपग्रहाचा नि माझा आकडा जवळपास जुळत होता. इथे माझा बराच कमी पडत होता.

"हे वावर काढून टाक," माझे पीएचडीचे मार्गदर्शक सर म्हणाले.

"सर, तिथे मी एक ताट सोडलं होतं. अक्कांना... सोबत म्हणून."

सरांनी वही माझ्याकडे परत सरकवली. "मग शोधनिबंधावर अक्कांचंही नाव घाल! अगं, पुन्हा जा, ते ताट काप, वाळव, बेरीज कर. नाहीतर वावर बाद."

सहाव्या दिवशी, निघण्यापूर्वी, सवयीने पिशवी काट्यावर ठेवली. ५११.७.

काटा प्रमाणित वजनाने तपासला, बरोबर होता. बाकीच्या अकरा पिशव्यांची वजने जागच्या जागी होती. ओव्हनची किल्ली माझ्याकडेच असते. पिशवी टेबलावर रिकामी केली. वाळलेली ताटे सात होती. बुडाचे काप सगळे माझ्या विळ्याचे – तिरके, मी डावखुरी असल्यामुळे उलट्या बाजूचे.

तेव्हा वाटले, तिथे मीच सातवे कापले असेल. सोडल्याची आठवण चुकीची असेल. हे मान्य करायला मी पूर्ण तयार होते.

तशीच बस पकडून वावरात पोहोचले. चौकटीच्या जागी सहा बुडखे होते आणि मध्ये एक ताट. उभे, हिरवे. अक्का त्याच्याशेजारी बशीत चहा ओतत बसलेल्या.

"कापाले उनी का?"

"नाही, अक्का. मोजायला."

"मंग मोज ना. एकच शे." मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "लिखं का मनं वावर?"

विळा पिशवीतच राहिला. आम्ही दोघी चहा प्यायलो. कितीतरी दिवसांनी कुणासोबत चहा घेत होते, हे परतताना बसमध्ये लक्षात आले.

सातव्या दिवशी सकाळी पुन्हा वजन केले. ते कालच्याइतकेच होते. म्हणजे सलग दोन दिवस तेच. हे कसे झाले, मला आजही सांगता येत नाही. सरांनाही उलगडा झाला नाही. पण काटा दाखवेल तेच लिहायचे, हा नियम मला ठाऊक होता. बाराव्या, म्हणजे अक्कांच्या, वावरापुढे मी लिहिले : कापलेली ताटे सहा, उभे एक, पिशवीत सात. कोरडे वजन ५११.७ ग्रॅम.