आराखड्यात नसलेल्या पायऱ्या

रिकामा तेलाचा डबा पाठीला बांधून पोहायला शिकतात, एवढं मला माहीत होतं. दोरी घट्ट आवळायची असते, हे माहीत नव्हतं. वेल्ह्याकडच्या सासुरवाडीला विहिरीत उडी मारली, डबा सरकून पोटाशी आला, आणि पन्नाशीला टेकलेला, चांगल्या दहा-बारा मॅरेथॉन पळालेला मी आभाळाकडे तोंड करून उलट्या बेडकासारखा तरंगत राहिलो. हात मारला की जागच्या जागी गोल फिरायचो.

"दाजी, चांदण्या मोजताय व्हय दिवसाउजेडी?" मेहुणा काठावरून ओरडला.

पाण्यात पलीकडे बायको होती. ती इतकी हसली की तिच्या नाकात पाणी गेलं. कितीतरी महिन्यांनी हसली, म्हणून मी आणखी थोडा वेळ तसाच फिरत राहिलो.

ती हसायची का थांबली होती, ते सांगायला हवं.

लग्न झालं तेव्हा पळायचं वेड एकट्या माझं होतं. हा माणूस पहाटे उठून जातो कुठं, हे बघायला ती एकदा मागे आली, आणि दोन महिन्यांत माझ्या पुढे पळायला लागली. भोरहून महाडच्या रस्त्याला एका वडाखाली शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड आहे. तिथवर जायचं, दोघांनी त्याला हात लावायचा आणि फिरायचं. हात लावला नाही तर ते पळणं धरायचं नाही, हा तिचा नियम. जाताना चढ, त्यामुळे तोंड बंद. बोलणं सगळं येताना. घरात आम्ही दूध आणि गॅस सोडून फारसं काही बोललो असू असं मला आठवत नाही. बाकीचा संसार त्या परतीच्या उतारावर झाला.

मग तिचा उजवा खुबा दुखायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यापुढे धरला आणि सांगितलं, सांधा झिजलाय, चालणं ठीक, पोहणं चालेल, पळणं विसरा.

"अगदी हळू पळालं तर?" तिने विचारलं.

त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. परत येताना एसटीत ती शिवरे गाव मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "कांदे घ्यायचे राहिले."

त्यानंतर पहाटे मी उठायचो तेव्हा ती झोपलेली असायची. म्हणजे झोपेचं सोंग. इतक्या वर्षांच्या सवयीने तिला माझ्या आधी जाग येते, हे मला ठाऊक होतं. पण मला जाताना वाईट वाटू नये म्हणून ती डोळे मिटून पडायची, आणि मीही ते खरं मानून चोरासारखा बूट हातात घेऊन बाहेर पडायचो. दगडाला हात लावायचो आणि गप्प परत यायचो. उतारावर तोंड बंद ठेवायची सवय नव्हती.

डॉक्टरांचं 'पोहणं चालेल' मी मात्र धरून ठेवलं होतं. मी ट्रायथलॉन करायचं ठरवलं; त्यात पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ एक असतं. तिन्हीतलं एक तरी आम्हा दोघांचं होईल, असा माझा हिशेब. लोकांना सांगितलं, वय झालं, आता गुडघे वाचवायचे.

मोबाईलवर सरावाचे तीन आराखडे सापडले. पहिल्यात पळणं भरपूर, बाकीचं चवीपुरतं. दुसऱ्यात तिन्ही सारखं. तिसरा म्हणत होता, तुम्ही जुने पळणारे आहात ना, मग पळणं तुमच्या पायांत आहेच. ते आठवड्यातून दोनदा पुरे, उरलेला वेळ पाण्याला द्या. घर बांधताना केला नव्हता एवढा विचार करून मी तिसरा निवडला. पाण्याचं सगळं शनिवार-रविवारवर ढकललं. बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून वेल्ह्याकडे निघायचं, की दोन दिवस विहीर.

त्या विहिरीत ती लहानपणापासून पोहलेली. जुना पंजाबी ड्रेस घालून माशासारखी फिरायची आणि मला शिकवायची. "पाय कशाला झाडताय एवढे? पाणी आहे ते, घाट नाही." दमलो की आम्ही पाण्यालगतच्या पायरीवर बसायचो, आणि बोलणं परत सुरू झालं. लेकीचं, सासूबाईंच्या डोळ्यांचं, छपराच्या पत्र्यांचं. मला वाटलं, जमलं. स्वतःवर इतका खूश मी लग्नातही नव्हतो.

उन्हाळा चढत गेला. आराखड्याप्रमाणे माझ्या फेऱ्या वाढल्या, डबा सुटला. आणि विहिरीचं पाणी खाली जात राहिलं.

विहिरीच्या पायऱ्या म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेले दगड. धरायला काही नाही, एकेक पायरी गुडघ्याएवढी. दर शनिवारी एखाद-दुसरी नवी पायरी उघडी पडायची. निघताना ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं, मी अजून एक फेरी मारते." मी टणाटण वर. वर पोचल्यावर चढ चांगला झाला म्हणून मनात खूशही व्हायचो.

एका शनिवारी वर आल्यावर लक्षात आलं, चष्मा खालच्या कोनाड्यात राहिला. अर्ध्यावर उतरलो असेन. खाली सगळं धूसर होतं, तरी दिसलं. ती पायरीवर बसली होती. दोन्ही हात मांडीखाली घालून, पोतं उचलावं तसा तिने स्वतःचा उजवा पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला. मग भिंतीला कपाळ टेकून थांबली. मग पुन्हा.

मी आवाज न करता वर आलो. बऱ्याच वेळाने ती आली, केस पिळत, हसतमुख. "हा खाली राहिला होता," म्हणत तिने माझा चष्मा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मी चहा पिताना म्हणालो, "पुढच्या आठवड्यापासून विहीर नको. लांब पडते फार."

"अर्ध्यावरून परत गेलात ना काल? चष्म्याशिवाय बरं दिसतं तुम्हाला."

मी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागलो.

"तो पहिला आराखडा कुठला होता, भरपूर पळायचा?"

"तो नको."

"का?"

"त्यात रोज एकट्याने जायचंय."

तिने माझा मोबाईल घेतला, तो पहिला आराखडा शोधून उघडला आणि माझ्यापुढे ठेवला. मग मेहुण्याला हाक मारून म्हणाली, "डबा माळ्यावर टाक रे." आणि तोंड धुवायला गेली. तोंड तिने मघाशीच धुतलं होतं.

सोमवारी पहाटे उठलो तर अंथरुणात ती नव्हती. दाराच्या पायरीवर बसली होती, डोळे उघडे ठेवून. मी बूट हातात न घेता बाहेर पडलो. परत आलो तेव्हाही ती तिथेच होती.

"हात लावलात?"

"लावला."

"माझा?"

ते मला सुचलंच नव्हतं. "राहिला," म्हणालो.

"उद्यापासून दोनदा लावा," ती म्हणाली. "आणि उतारावर जे सुचेल ते साठवून आणा, हितं बसून ऐकते. दुधाचं आणि गॅसचं मी बघीन."