दादाने फोर-स्ट्रोक घेतली

माझा दादा देवरीला वीज कंपनीत लाइनमन होता. आठवडाभर खांबावर चढायचा आणि रविवारी मातीत गाडी पळवायचा. त्याची रविवारची गाडी म्हणजे भंगारातून आणलेली एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. तिला लाइट नव्हता, मडगार्ड नव्हतं, मागे खडबडीत दातांचं टायर होतं. रस्त्यावर ती आणायची सोयच नव्हती. पण त्याच्या घरामागे मुरमाची बंद पडलेली खदान होती आणि त्यापलीकडे बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. धान कापून झालं की सगळं रान मोकळं. शेतमालक ओळखीचे होते, कोणी हटकत नसे.

ही गाडी त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून बनवली होती. मित्राचं गोंदियात गॅरेज. आम्ही सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचो. मिस्त्री हिंदी बोलायचा, दादा आमची झाडीबोली, आणि दोघांचं भांडण दोन्ही भाषांत व्हायचं. मी दादाची धाकटी बहीण, गोंदिया डेपोत कंडक्टर आहे. माझी ड्यूटी देवरीच्या गाडीवर असली की मिस्त्री कधीकधी माझ्याच बसमध्ये असायचा, मांडीवर पिशवी आणि पिशवीत कार्बोरेटर. पेट्रोलचा वास येतो म्हणून शेजारचे पॅसेंजर कुरकुरायचे. तो खिडकी उघडून द्यायचा आणि झोपून जायचा.

दोघांचं एकच स्वप्न होतं, कारखान्यातून मातीसाठीच बनून आलेली खरीखुरी डर्ट बाइक. आणि ती टू-स्ट्रोकच असणार यावर दोघांचं कधी दुमत झालं नाही. दादा मला समजावून सांगायचा. टू-स्ट्रोक हलकी असते, पडली तर एकट्याने उचलता येते. इंजिनात भाग कमी, घरी बसून खोलता येतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, धूर होतो, पिस्टन लवकर झिजतो, हे सगळं खरं. पण जोर येतो तो एकदम येतो, पाठीत कोणी धक्का दिल्यासारखा. फोर-स्ट्रोकला तो म्हाताऱ्यांची गाडी म्हणायचा. जड, शांत, जोर हळूहळू देणारी. एक दिवस मी विचारलं, उतारावर फोर-स्ट्रोक इंजिनानेच गाडी धरून ठेवते म्हणतात, ते चांगलं नाही का? तो म्हणाला, "उतारावर धरून कोणाले पायजे?"

रायपूरला एक गृहस्थ आपल्या दोन जुन्या डर्ट बाइक विकून राहिले आहेत, असं मिस्त्रीला कळलं. एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक. दादाने शेजाऱ्याची पिकअप मागून घेतली आणि आम्ही तिघं निघालो. मला त्या दिवशी सुट्टी होती, आणि वहिनीने मला मुद्दाम पाठवलं होतं. दोघं भान विसरून दोन्ही गाड्या घेऊन येतील, अशी तिला भीती होती.

शहराबाहेर त्या गृहस्थांचं मोकळं मैदान होतं. त्यांना गुडघ्यांमुळे आता चालवणं जमत नव्हतं. मिस्त्रीने टू-स्ट्रोकला किक मारली आणि तो आवाज ऐकून दादा लहान मुलासारखा हसला. गाडी घेऊन तो मैदानाच्या पार टोकाला गेला. परत येताना मधेच गाडी बंद पडली. आम्ही लांबून बघत होतो. तो किक मारत होता, थांबत होता, पुन्हा मारत होता. गाडी सुरू होईना. आम्हाला वाटलं, इंजिनात पेट्रोल जास्त झालं असेल. मिस्त्री धावत गेला, त्याने एक किक मारली आणि गाडी सुरू झाली.  दादा परत आला तेव्हा डावा पंजा उघडत-मिटत होता.

मग त्याने फोर-स्ट्रोक चालवायला घेतली. तिला बटण होतं. बटण दाबलं, ती सुरू झाली आणि दादा तिच्यावर बसून हळूहळू मैदानाला चक्कर मारत राहिला. एक झाली, दुसरी झाली. मिस्त्री कंटाळून सावलीत जाऊन बसला. दादा आला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "हेच घेऊ."

मिस्त्रीला आधी ती थट्टा वाटली. मग तो चिडला. इतकी वर्षं आपण काय बोलत आलो, कशासाठी इतक्या लांब आलो, असं बरंच बोलला. दादा ऐकत राहिला. टू-स्ट्रोकचे पार्ट मिळत नाहीत, ऑइलचा त्रास आहे, आता वय झालं, अशी एकेक कारणं त्याने सांगितली. ज्या कारणांना तो जन्मभर हसला होता, तीच सगळी. शेवटी मिस्त्री म्हणाला, "तू बदल गया यार."  देवरीला गाडी उतरवायला मिस्त्रीने हात लावला आणि मिळेल त्या बसने गोंदियाला निघून गेला. त्यानंतर त्याने येणं सोडलं.

मलाही ते कोडंच होतं, पण मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. दादा शहाणा झाला असं वाटलं. वहिनी मात्र त्या दिवसांत गप्प गप्प असायची. एकदा सकाळच्या ड्यूटीने मी देवरीला पोचले, चहाला म्हणून घरी गेले, तर वहिनी दादाच्या शर्टाच्या गुंड्या लावून देत होती. तो हात खाली सोडून उभा होता. मला पाहून दोघांनीही काहीतरी दुसरंच बोलायला सुरुवात केली. मी दाराशी उभी राहिले आणि विचारलं, काय झालं? वहिनी स्वयंपाकघरात गेली. दादा म्हणाला, चल, खदानीकडे जाऊ.

तिथे त्याने मला सांगितलं. पावसाळ्याच्या आधीच खांबावर असताना त्याच्या हातून पक्कड निसटली होती. मग पुन्हा निसटली. खाली उभ्या सहकाऱ्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडली, तेव्हा त्याने स्वतःच साहेबांना सांगून खांबावर चढणं बंद केलं. घरी चप्पल पायातून सुटायला लागली. नागपूरला तपासण्या झाल्या होत्या. शरीरातल्या ज्या नसा स्नायूंना हलवतात, त्याच मरत चालल्या आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हात, पाय, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. बुद्धीला काही होत नाही, सगळं कळत राहतं. थांबवणारं औषध नाही.

"रायपूरले जातानी तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"नाव माहीत नव्हतं. होऊन राहिलं हे माहीत होतं." तो मुरमाच्या ढिगावर बसला. "टू-स्ट्रोकले सारखा क्लच मारा लागते बाई. जोर वरतीच ठेवा लागते. माह्या बोटात तेवढी ताकत नाही राहिली. अन् किक तर तू पाहिलीच."

मी म्हटलं, मग मिस्त्रीला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "तो येऊन रडत बसंल. माह्याजवळ रडाले टाइम नाही, मले गाडी चालवाची आहे."

तो चालवतच राहिला. धान कापलेल्या बांध्यांमधून, बांधाच्या तोंडातून वाट काढत, खदानीच्या उतारावर. फोर-स्ट्रोक कमी वेगातही ओढत न्यायची, क्लचला हात न लावता. पूर्वी जिथून उडी मारून जायचा तिथून तो आता हळूहळू उतरायचा, आणि इंजिन गाडी धरून ठेवायचं. मी विचारलं, खरंच आवडते का ही तुला? तो म्हणाला, "हे गाडी माह्यासाठी थांबते." मग जरा वेळाने म्हणाला की आधी कळलं असतं तर आधीच घेतली असती. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, ते मला आजही माहीत नाही.

मिस्त्री अधूनमधून बसमध्ये भेटायचा. "कैसी है उसकी फोर-स्ट्रोक?" असं तिरकस विचारायचा. मी तिकीट फाडून द्यायचे आणि चालते म्हणायचे. दादाने न सांगण्याची शपथ घातली होती. शेवटी वहिनीनेच मिस्त्रीला फोन केला. दादाला विचारलं नाही, मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून तो देवरीला आला. दाराशी उभा राहिला, आत येईना. दादा खाटेवर बसून होता. त्याचं बोलणं तोवर जड झालं होतं. तो म्हणाला, "आता आला तं बस. क्लच कडक झाला आहे, पाहून दे." मिस्त्री रडला नाही. अंगणात जाऊन गाडीसमोर बसला आणि क्लच खोलायला घेतला. त्याने स्प्रिंग बदलल्या, क्लचचा दांडा लांब केला, म्हणजे कमी जोरात दबेल. गिअरच्या पेडलला पट्टी वेल्ड केली, म्हणजे पाय घसरणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आला. मग प्रत्येक रविवारी.

थंडी संपेपर्यंत दादाने गाडी चालवली. शेवटी शेवटी मी आणि मिस्त्री त्याला धरून बसवायचो, आणि मग मिस्त्री बाजूने धावायचा. एका सकाळी चक्कर मारून झाल्यावर दादाने बटण बंद केलं आणि मान हलवली.  आम्ही त्याला उतरवून घेतलं.

मग खदानीच्या काठावर खुर्ची आली. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, पहाटेपासून बाया टोपल्या घेऊन त्या बाजूला असायच्या, येताजाता त्याला रामराम, जयभीम करायच्या. मिस्त्रीने एक दिवस त्यांची जुनी भंगारातली टू-स्ट्रोक बाहेर काढली. साफ केली, ऑइल मिसळलं, खुर्चीजवळ आणून किक मारली. तोच आवाज, तोच निळा धूर. मिस्त्रीला वाटलं दादा खूश होईल. दादा थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने हळूच मान हलवली आणि डोळ्यांनी फोर-स्ट्रोककडे, नंतर माझ्याकडे खूण केली.

मला मोटरसायकल येत होती, पण मातीतली नाही. मिस्त्रीने टू-स्ट्रोक बंद केली आणि मला शिकवायला घेतलं. मी उभी राहून चालवायला शिकले, गुडघ्यात वाकून, वजन मागे टाकून. उतारावर ब्रेक सोडून इंजिनावर भरोसा ठेवायला शिकले. मी घाबरत असे. खाली पोचून वर बघितलं की दादाचा चेहरा दिसायचा. त्याला एव्हाना हसणं जमत नव्हतं, पण डोळे माझ्याबरोबर उतरून आलेले असायचे.

तो पावसाळ्याच्या शेवटी गेला, दुपारी, घरीच. वहिनी त्याला पाणी चमच्याने देत होती. मी बसवर होते. मिस्त्रीनेच फोन केला आणि फक्त म्हणाला, "दीदी, आ जाओ." बुद्धविहारात वंदना झाली, तेव्हा वीज कंपनीची माणसं कामाच्या कपड्यांतच आली होती, कमरेला पट्टे तसेच.

दिवस उलटले. वहिनी म्हणाली, गाडी तू ने, त्यांनी तुलाच शिकायला लावली. मी एका सकाळी एकटीच काढली. धान कापलेलं होतं, पण एका बांधीत ओल राहिली होती. पुढचं चाक रुतलं आणि मी आडवी पडले. लागलं नाही फारसं. पण गाडी काही उचलली जाईना. हँडल धरून ओढलं, मागून रेटलं, दोनदा अर्ध्यावर आणली आणि पुन्हा पडली. मग मी तिच्या शेजारी चिखलात बसले आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. पलीकडच्या बांधीतून लाखोळीच्या डाळीचं पीक पाहायला आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं. बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, माणसाने आणि तिने मिळून गाडी उभी केली. काऊन रडते, असं दोघांनीही विचारलं नाही. मी ढकलत घरी आणली आणि वहिनीला म्हटलं, विकून टाक.

नागपूरचा एक तरुण घ्यायला आला. गाडी पाहून खूश झाला. लांब केलेला क्लचचा दांडा, पेडलवरची पट्टी हे काय आहे, असं विचारलं. मिस्त्री म्हणाला, आराम के लिए. गाडी पिकअपवर चढवताना तो मुलगा वहिनीला सहज म्हणाला, तुमच्या मिस्टरांनी टू-स्ट्रोक का नाही घेतली? खरी मजा त्यात असते.

 वहिनी म्हणाली, "त्याईले हेच आवडे."

पिकअप हायवेला लागेपर्यंत आम्ही तिघं अंगणात उभे होतो. मग मिस्त्रीने वहिनीला विचारलं, चहा आहे का? ती आत गेली. तिला आता दादाच्या जागी वीज कंपनीच्या ऑफिसात काम मिळालं आहे. जेवणाचा डबा घेऊन सकाळी निघते. मिस्त्री रविवारी येतो, कधी पंखा दुरुस्त करतो, कधी नुसताच बसतो. माझी सुट्टी जुळली तर मीही जाते.