पुतणीच्या लग्नातला धूर

चिंचोळी एमआयडीसी मागे टाकली आणि गाडीत फाडकन आवाज झाला. टायर फुटला म्हणून मी गाडी बाजूला घेतली. टायर चारही शाबूत होते. उडालं होतं ते मागच्या सीटवरच्या थर्मोकोलच्या खोक्याचं झाकण. आत ड्राय आइस होता, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं पाणी होत नाही, थेट गॅस होतो आणि बाहेर पडायला त्याला फट लागते. झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारणारा हा गृहस्थ, म्हणजे मीच, डिस्टिलरीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं केमिस्ट आहे. बायकोने काचा खाली केल्या.

सोलापुरात माझ्या पुतणीचं लग्न होतं. नवरी येताना तिच्या वाटेवर ढगासारखा धूर सोडायची हल्ली पद्धत आहे. म्हटलं, घरचा माल असताना डेकोरेशनवाला कशाला? आमच्या डिस्टिलरीत पूर्वी मळी आंबवून फक्त अल्कोहोल काढायचे, बाकी सगळं वाया. आता त्याच प्लांटमध्ये मकाही आंबवतात, त्याच्या चोथ्याचं पशुखाद्य होतं, काळ्या सांडपाण्यातून पोटॅशचं खत निघतं, आणि आंबवण्याच्या टाक्यांतून उठणारा गॅस, जो आम्ही वर्षानुवर्षं हवेत सोडला, तो पाइपने ओढून, स्वच्छ करून, असा गोठवून विकला जातो. मला याचं भारी कौतुक. पाहुण्यांना जेवता जेवता ऐकवतो. पाहुणे लवकर जेवतात.

नवरी निघाली तसं मी पडद्यामागे ड्राय आइसवर गरम पाणी ओतलं. पांढराशुभ्र धूर पायऱ्या उतरत स्टेजपुढच्या खोलगट जागेत साचला. एसी हॉल, दारं बंद. लहान पोरं त्या धुरात बसली, आडवी झाली, लपाछपी खेळू लागली. टाळ्या पडल्या. मला राहवलं नाही. माइक घेऊन सांगितलं, की मंडळी, हा आपल्याच कारखान्याच्या टाकीतला गॅस आहे.

वहिनी, म्हणजे नवरीची आई, तिच्या मागे ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खुर्चीवर ठेवलं, पदर खोचला आणि धुरात शिरल्या. हाताला लागेल ते पोर काखोटीला मारून वर आणू लागल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "पोरं उचला आदी. त्यो खाली बसतोय."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

वहिनींचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, याच डिस्टिलरीत होता. पुतणी दोन वर्षांची असताना तो टाकी धुवायला शिडीने आत उतरला. वरून टाकी रिकामी दिसत होती. तळाशी गॅस होता. भाऊ वर आलाच नाही. मी वीस पावलांवर लॅबमध्ये होतो. हे मी विसरलो होतो असं नाही. पण तो गॅस आणि हा धूर यांना मी मनात कधी शेजारी बसवलंच नव्हतं. केमिस्ट असून.

दारं उघडली, पोरं हॉलबाहेर नेली. एका मुलीचं डोकं गरगरत होतं, ती मोकळ्या हवेत सावरली. खोकं मी मैदानात नेऊन रिकामं केलं. मुहूर्त टळला, अक्षता उशिरा पडल्या.

पंगतीत वहिनी शेजारी येऊन बसल्या. अजून टाकीत माणसं उतरतात का, विचारलं. मी सांगितलं, की टाक्या आता वरून बंद असतात, गॅस पाइपने निघून जातो, धुणंही यंत्रानेच होतं. उतरायची वेळ आलीच तर आधी आतली हवा मीटरने तपासतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग भावजी, ही पायपं तवा का न्हवती?"

काहीतरी तांत्रिक सांगता आलं असतं. पण वहिनींकडे बघून ते जमेना.

"तेव्हा त्या गॅसला गिऱ्हाईक नव्हतं, वहिनी."

"व्हय," म्हणाल्या. मग वाढप्याला हाक मारून माझ्या पानात भात वाढायला लावला.

परतताना मी बायकोला म्हणालो, इतक्या वर्षांनी वहिनींना ऐन वेळी ते सुचलं कसं?

"त्या टाकीनंतर त्यांनी लेकीला एक रात्रही जमिनीवर निजू दिलं नाही," ती म्हणाली. "घरात पाहुणे असले तरी सगळे खाली आणि ती पोर खाटेवर. तुम्ही म्हणायचात, वहिनी लाडावून ठेवतायत."