धारेवर बर्फ किती?

मार्च लागला तेव्हापासून माझी बायको दर रविवारी सकाळी उत्तराखंडातल्या एका माणसाला फोन लावायची आणि एकच प्रश्न विचारायची, "भैया, धार पे बर्फ कितनी है?"

तो आमचा वाटाड्या. ज्या डोंगराच्या धारेवरून ती मे महिन्यात चालणार होती, तिच्या पायथ्याच्या गावात राहणारा. फोन स्पीकरवर असायचा. इकडे जालन्याजवळ अंबडला पंखा गरम हवा खाली ढकलत असायचा आणि तिकडून तो सांगायचा की हिवाळा यंदा कोरडाच गेला, जो काय बर्फ पडायचा तो आता पडतोय, काल पुन्हा पडला. दर रविवारी मला वाटायचं, आज हा म्हणेल, यंदा राहू द्या. तो तसं कधी म्हणाला नाही. "आके देखते हैं," म्हणायचा.

माझी बायको शाळेत भूगोल शिकवते. हिमरेषा, हिमनदी, हिमस्खलन हे शब्द तिने कितीदा फळ्यावर लिहिले आणि पुसले असतील, पण बर्फ म्हणून तिने पाहिला तो रसवंतीवरचा, भुशात गुंडाळलेला. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि बायकोने जाहीर केलं, "आता मी बर्फ बघायला जाऊन राह्यले. तुम्ही येता का न्हाई ते सांगा."

मी हो म्हणालो. तिला एकटीला पाठवून घरी बसायची हिंमत नव्हती म्हणून. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. सगळा जन्म विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला, पण काठावर उभं राहून मी विहिरीत कधी वाकलो नाही. मोटार वर काढायचं काम दुसऱ्यांचं. उंचीवरून खाली पाहिलं की माझ्या पोटऱ्यांत पाणी होतं. हे तिला माहीत होतं. डोंगराच्या धारेवर ते किती होईल, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तयारी म्हणून आम्ही पहाटे गावच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढायचो. ती बोलत चढायची, मी धापा टाकत. बर्फ बुटात शिरू नये म्हणून पिंढऱ्यांना बांधायच्या खोळी लागतात, त्या तिने शेजारच्या टेलर भाईंकडून रेनकोटच्या कापडाच्या शिवून घेतल्या. भाई माप घेताना म्हणाले, "भाभी, बर्फ में पहनने का कपडा मेरे बाप ने भी नहीं सिया." खोळी हातात देताना मात्र माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "भाईजान, जाना जरूरी है क्या?" मी हसलो. आणि खोळी पिशवीत टाकल्या.

पायथ्याच्या गावात पोचलो त्या दिवशी वाटाड्या आमच्यासमोर बसून सरळ बोलला. धारेच्या दक्षिणेकडची बाजू मोकळी झाली आहे, खडक दिसतोय. उत्तरेकडे बर्फ अजून गुडघ्याच्या वर आहे. वाट एके ठिकाणी त्या बाजूने आडवी जाते, आणि तिथली वाट सध्या दिसत नाही. धारेच्या पुढच्या टोकापर्यंत, जिथे आम्हाला जायचं होतं, यंदा अजून कोणी गेलेलं नाही.

"म्हणजे जाता येईल का न्हाई?" मी विचारलं.

"मालूम नहीं," तो म्हणाला. "सुबह जल्दी निकलेंगे. बर्फ सख्त रहेगी तो चलेंगे. धूप लगने के बाद मुझे भी भरोसा नहीं."

तो खोटा धीर देणारा माणूस नव्हता. पण मला त्या वेळी खोटा धीरच हवा होता.

दुसऱ्या दिवशी वर चढून धारेखालच्या कुरणात तंबू लावले. बरोबर वाटाड्याचा भाऊ होता, सामान आणि स्वयंपाक बघणारा. दुपारी ढग आले आणि ज्वारीएवढ्या गारांनी कुरण पांढरं झालं. बायको गारा ओंजळीत घेऊन तंबूसमोर उभी राहिली, शाळेतली पोरगीच जणू. मी आत बसून बुटांना बांधायची काटेरी साखळी पुन्हा पुन्हा बांधून सोडत होतो.

सकाळी उजाडायच्या आधी आम्ही चौघं निघालो. धारेवर आलो तेव्हा पूर्वेकडे फटफटत होतं. सुरुवात सोपी होती. रुंद, कोरडा खडक, मधेमधे बर्फाचे तुकडे, ते इतके टणक की साखळीचे दात कचकच वाजत. मला जरा बरं वाटलं. मनात आलं, उगाच भ्यालो.

मग धार अरुंद झाली. डाव्या हाताला वाऱ्याने बर्फाचा छज्जा तयार केला होता, कड्याच्या बाहेर आलेला, खाली काहीही आधार नसलेला. वाटाड्या काठीने टोचत पुढे चालला होता आणि मागे न बघता ओरडत होता, "उस पे पैर नहीं! मेरे पीछे!" थोडं पुढे वाट धार सोडून उत्तरेच्या उतारावर उतरली. उतरली असावी, कारण तिथे वाट नव्हतीच. वरपासून खालपर्यंत पांढरा उतार, घराच्या पत्र्यासारखा सरळ, आणि तळाशी धुकं. वाटाड्याने बुटाने लाथा मारत पाऊल मावेल एवढ्या खाचा पाडल्या आणि तो पलीकडच्या खडकावर जाऊन उभा राहिला.

मी पहिल्या खाचेत पाय ठेवला. दुसरा उचलेना. मी पायाला सांगत होतो आणि पाय ऐकत नव्हता. डोळे खालीच गेले.

"अहो," माझ्या मागून ती म्हणाली, "माझ्याकडं बघा. खाली बघू नका."

"मला न्हाई जमत."

"बरं. मंग मागं या. हळू. मी धरलंय."

तिने माझ्या जॅकेटची मागची बाजू मुठीत पकडली होती. मी तो एक पाय मागे घेतला. खडकावर येऊन बसलो.

ती माझ्याशेजारी बसली. पलीकडून वाटाड्या बघत होता. उन्हाची पहिली तिरीप वरच्या शिखराला लागली होती आणि वेळ जात होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"चला, उतरू," ती म्हणाली. "बघितला बर्फ. झालं."

हे तिने इतक्या सरळपणे म्हटलं की मला ते सहन झालं नाही. "तू जा," मी म्हणालो. "मी याच्या भावाबरोबर मागच्या रुंद खडकावर थांबतो."

"तुम्ही इथं बसून काळजीनं मराल."

"मरत न्हाई. जा. पण जल्दी ये."

तिने खोळींच्या गाठी आवळल्या. मग उठली आणि त्या खाचांमधून, एकेक पाऊल दाबून बघत, पलीकडे गेली. एकदाही थांबली नाही. पलीकडच्या खडकामागे दोघं दिसेनाशी झाली.

मी आणि वाटाड्याचा भाऊ मागे येऊन थांबलो. त्याने चहा केला, त्याच्या घरच्या गोष्टी सांगितल्या, त्याच्या गाईला नुकतंच वासरू झालं होतं. मी हो हो म्हणत होतो. लांब धारेवर दोन ठिपके पुन्हा दिसले, एक काळा, एक तिच्या जॅकेटचा लाल. मग वळणावर गेले.

ऊन वर आलं. खडकाच्या कडेचा बर्फ आधी चमकला, मग ओला झाला, मग थेंब पडू लागले. पायाने दाबलं की आता पाय आत जायचा. समोरच्या डोंगरावरून एकाएकी धप्प असा आवाज आला आणि उतारावरून पांढरं काहीतरी घरंगळत खाली गेलं. आमच्यापासून लांब होतं. पण भाऊ उठून उभा राहिला आणि मग पुन्हा बसलाच नाही.

"अब तक आ जाना चाहिए था न?" मी विचारलं.

त्याने डोळ्यांवर हात धरून धारेकडे बघितलं.

परतायची वेळ टळून गेली होती. खालून ढग चढत होते. मोबाइलला रेंज नव्हती, आणि असती तरी कुणाला काय सांगणार होतो? डोक्यात नको ते येत होतं. मुलीला फोन करताना पहिलं वाक्य कुठलं म्हणायचं, हे मी जुळवू लागलो आणि स्वतःचीच किळस आली. शेवटी मी त्या आडव्या उताराकडे निघालो. भाऊ आडवा आला. "आप नहीं जाओगे," म्हणाला. "दो को ढूंढना है, तीन को नहीं." त्याचाही सख्खा भाऊ तिकडेच होता, हे मला त्या क्षणी आठवलं. सकाळपासून मी एकट्यानेच घाबरायचा मक्ता घेतल्यासारखा बसलो होतो.

ढगात समोरची धार बुडाली. आम्ही दोघं हाका मारू लागलो. तो त्याच्या भावाला, मी तिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचं नाव मी एवढ्या मोठ्याने कधी घेतलं नव्हतं.

उत्तर आलं ते खालून. समोरून नाही, दक्षिणेकडच्या घळीतून. आधी शिट्टी, मग वाटाड्याचा आवाज. मग ढगातून ती दिसली, कमरेपर्यंत भिजलेली. एका पिंढरीवरची खोळ नव्हती. मी उतरून तिच्यापर्यंत कसा गेलो ते मला आठवत नाही. तिथेही उतार होता.

"टोकापर्यंत न्हाई गेलो," ती म्हणाली. हेच तिने आधी सांगितलं. "शेवटचा टप्पा राहिला. पायाखाली आवाज आला. धान्याचं पोतं आदळलं की आत दाणे बसतात ना, तसा. सगळा उतार बसल्यासारखा, घसरायच्या आधी बसतो तसा. मीच म्हणले, मागं फिरा."

परतताना तो आडवा उतार उन्हाने मऊ झाला होता. वाटाड्याने त्यावर पाय ठेवायला नकार दिला आणि तिला लांबच्या घळीने फिरवून आणलं. घळीत पाय फसत होते, म्हणून उशीर. एवढं तिने सांगितलं. वाटाड्याचा भाऊ त्याच्या भावाच्या पाठीवरचा बर्फ झटकत होता, बराच वेळ, सगळा गेल्यावरही.

खाली गावात येईपर्यंत ती नीट चालली. चहाचा ग्लास हातात घेतला तेव्हा मात्र अर्धा चहा सांडला. मी ग्लास धरला, ती प्याली.

परतीच्या गाडीत मनमाड मागे पडल्यावर, खिडकीतून भट्टीसारखा वारा येत असताना, ती अचानक बोलली. "तो आवाज आला ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं तुम्ही मागं थांबले."

"का? मी पडलो असतो म्हणून?"

"न्हाई. तुम्ही असते तर मी तुमच्याकडंच बघत राह्यले असते. पायाखालचं ऐकूच आलं नसतं."

मला हे ऐकून वाईट वाटावं की बरं, कळेना. मी तिला विचारलं, फार भीती वाटली का. तिने मान हलवली, हो म्हणून. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपली. जालना येईपर्यंत मी हललो नाही.