लाल गाडी आणि युसुफचा कान

सगळं कानानंच जोखायच्या युसुफच्या हट्टापुढे मी केव्हाच हात टेकले होते. तुर्भ्याला माझं लेथचं वर्कशॉप, आणि भिंतीला भिंत लागून त्याचं गॅरेज. माणूस मूळचा उरणकडचा. जुन्या विलायती गाड्या लांबून यायच्या त्या त्याच्या कानासाठी. गाडीला दोन कार्बोरेटर असले, की रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानात धरून, दोन्हींत हवेचा आवाज सारखा येईपर्यंत हा स्क्रू फिरवत बसायचा. टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते बघायला, दिवा वापरणाऱ्या मेकॅनिकांची तर तो भर चौकात खिल्ली उडवायचा. "ह्यांचे कान गेले, म्हनून दिवा लागतो." लोक हसायचे. मीही हसायचो.

शहाण्णवच्या डिसेंबरात वामनराव आपली लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेऊन आले. न्हावा शेव्याच्या बंदरात माल सोडवायचं, क्लिअरिंगचं, त्यांचं ऑफिस होतं, पण जीव सगळा ह्या गाडीत. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांची रॅली खंडाळ्याला जाणार होती. मागच्या खेपेला घाटात सगळ्यांनी त्यांना मागं टाकलं होतं.

"युसुफभाई, ह्या वेळी गाडी ओढली पाहिजे," एवढंच ते म्हणाले.

इंजिन उघडलं. हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, फेसिंग मी माझ्या मशीनवर केलं. हेड थोडं तासलं की आतला दाब, कॉम्प्रेशन, वाढतं आणि गाडीत जोर येतो. पण आपलं पेट्रोल तेव्हा हलकं. जोर जास्त झाला, की चढावर इंजिन आतून टिणटिण वाजतं, आणि तसंच रेटलं तर पिस्टनला भोक पडतं. टायमिंग मागं घेतलं तर आवाज थांबतो, पण जोरही जातो. अधलीमधली जागा कानानंच शोधायची.

ट्रायलला मी शेजारी बसलो. बेलापूरच्या डोंगराकडच्या चढावर इंजिन चक्क वाजायला लागलं. युसुफ मात्र मजेत. "काय मस्त चाललीय, बघ!"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याचा चेहरा पाहिला.

"युसुफ, वाजतंय रे."

त्यानं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "बारीक आवाज येतच नाय. कोनाला बोलू नको, जयप्रकाश. आमी एवढ्या लोकांना हसलो."

"मग दिवा आण ना!"

"आनि लोकांना काय सांगू?"

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. स्वतःच्याच तोंडानं बांधलेल्या कोंडवाड्यात बसला होता गडी. मग दोन दिवस मी शेजारी बसून वाजलं की त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, आणि त्यानं उतरून टायमिंग सरकवायचं, असा आमचा चोरटा कारभार चालला. चढावर गाडी नुसती उडायला लागली. वामनरावांनी पेढे वाटले.

रॅलीच्या सकाळी वाशीला दहा-बारा गाडीमालक जमले होते. वामनराव म्हणाले, "बसा, युसुफभाई. घाट लांबलचक आहे, इंजिन तापेल. वाजलं की सांगा, मी लगेच पाय काढतो. तुमच्या कानावर सोडलंय सगळं."

सीटा दोनच. मला जागा नव्हती.

युसुफ बसला. काहीतरी कारण काढ, पोट दुखतं म्हण, असं मी मनात ओरडत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. त्यानं एकदा त्या लाल बोनेटकडे पाहिलं. मग दार उघडून तो उतरला.

"साहेब, ह्याला न्या. मला ऐकू येत नाय."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. वामनरावांनी मला नुसती बसायची खूण केली. त्याच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते, असं मला आजही वाटतं. मान खाली घालून मी त्याच्या जागेवर बसलो.

गाडी निघाली. मागून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक आली, "जयप्रकाश, वाजलं तर लगेच थांबव रे!"

इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं. बहिरेपण कुणाला कळू नये म्हणून दोन वर्षं बिचारा आपला आवाजसुद्धा दाबून बोलत होता.