पूजिलेला मीटर

श्रीजोतिबाच्या चरणी मस्तक ठेवून, खंडेनवमीच्या निमित्ताने, घरोघरी हत्यारे-अवजारे पूजणाऱ्या आपणा सर्वांसाठी ही आठवण लिहितो.

एकोणीसशे सत्तरच्या दशकात मी कोल्हापूरच्या छावणीत हवालदार होतो. वर्कशॉपची वीज माझ्याकडे होती. नाईक गणपत आणि शिपाई शंकर हे मलकापूरकडचे चुलतभाऊ माझ्या हाताखाली होते. खंडेनवमीला रायफलींसोबत तारेत वीज आहे का ते तपासायच्या मीटरचीही पूजा होई. त्या वर्षी गणपतने जोतिबाचा गुलाल आणला आणि मीटरवर मुठीने उधळला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या बड्या खान्यासाठी, म्हणजे सगळ्या जवानांच्या एकत्र जेवणासाठी, मांडवात दिवे जोडायचे होते. गणपतने पॅनेलचा स्विच बंद करून मीटरच्या तारा लावल्या. काटा शून्यावर राहिला.

"लाइन डेड," तो म्हणाला.

आमचा नियम असा, की मीटर आधी चालू तारेवर लावून काटा हलतो का पाहावे, मग बंद तारेवर, शेवटी पुन्हा चालू तारेवर. मी आठवण दिली.

तो हसला. "कालच पुजलाय की, साहेब. आज देवाची परीक्षा घ्यायची व्हय?"

"घ्यायची. आधी..."

त्याचा हात पॅनेलच्या आत गेला होता.

स्विच बंद करूनही त्यात एक फेज, म्हणजे एक चालू तार, जोडलेलाच राहिला होता आणि मीटरच्या भोकांत गुलाल ठासल्याने काटा हलला नव्हता, हे मागाहून कळले. त्या क्षणी दिसले ते एवढेच, की गणपतची मूठ तारेवर आवळली होती आणि त्याला ओरडताही येत नव्हते.

शेजारी उभा असलेला शंकर झेपावला. मी त्याला एका हाताने कवळ घातली. कोरडे लाकूड आवाक्यात नव्हते; शंकरला सोडले असते, तर तो भावाला धरणार होता आणि स्वतःही चिकटणार होता. छावणीला वीज देणाऱ्या जनरेटरच्या खोलीशी जोडलेला, भिंतीवरचा फील्ड टेलिफोन तेवढा हाताशी होता.

"जनरेटर बंद कर!"

"इंजिनाचा आवाज हाय. परत बोला," पलीकडून जनरेटरवाला म्हणाला.

"जनरेटर बंद!"

"सोडा, साहेब! भाऊ हाय त्यो माझा!" शंकर माझ्या हाताला चावला. मी सोडले नाही. आम्ही दोघे पाहत राहिलो.

इंजिन थांबले. गणपत खाली पडला. तो पुन्हा उठला नाही.

शंकर पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला. दर खंडेनवमीला तो माझ्या घरी येतो. माझ्या तपासणीच्या मीटरपुढे गणपतच्या नावाने एक फूल ठेवतो. गुलाल नाही. मग मीटर चालू तारेवर लावतो. काटा हलला, की हात जोडतो.

वाचकहो, आपल्या घरचा दिवा अखंड तेवो, आणि तो दिवा जोडणारा हात सुखरूप घरी येवो.