वरच्या श्रेणीचा राक्षस

डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. त्या मोबाईलवर मारामारीचा जपानी अ‍ॅनिमे बघत होत्या. रक्त उडालं की डोळे मिटत, आणि लगेच एक डोळा उघडून बघत.

"माज्या लेकीन लावन दिल्यान," त्या माझ्याकडे बघून हसल्या.

पडद्यावर एका राक्षसाला सर्वांत वरची श्रेणी मिळाली होती.

"हा सगळ्यांत ताकदवान का, मावशी?"

"ताकद न्हय गो. तेका आडवूक किती माणसां व्हयी, ता श्रेणीन सांगतत. खालच्याक एकटो शिकारी पुरता. ह्येका अख्खा पथक लागता." मग त्यांनी मोबाईल उलटा ठेवला. "माजो आजारय डॉक्टरान वरच्या पायरीचो सांगल्यान. घरात अजून कोणाक सांगूक नाय."

"मग तुमचं पथक कुठंय, मावशी?" मी विचारलं. त्यांनी मोबाईल उचलून लेकीला फोन लावला. "बाय, मी पणजेक हॉस्पिटलात चललंय, तूय थंय ये. मामाकय घेवन ये." फोन ठेवल्यावर त्या पदरात तोंड घालून रडल्या.

पणजीत मी ऑफिसला गेले नाही. त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेले. लेक येईपर्यंत पथकात निदान आम्ही दोघी होतो.